बाहेरून बसवलेला टेम्परेचर मीटर चुकीचं दाखवतो: आधी अर्थ बघा, सेन्सर नंतर

बावन्न मिलिमीटरचा गोल मीटर, एका वायरचा सेन्सर आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपमध्ये बसणारा ॲल्युमिनियमचा जोड. इंजिनाचं तापमान बघायला बाहेरून मीटर लावलेल्या बहुतेक गाड्यांत हाच संच असतो आणि थोड्या दिवसांत येणारी तक्रारही एकच असते: मीटर चुकीचं दाखवतोय. मग दुकानात सेन्सर बदलून मिळतो आणि नवा सेन्सरही तेच करतो. कारण बऱ्याचदा सेन्सर ठणठणीतच असतो, त्याला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत विजेची परतीची वाट, मिळालेला नसतो.

लक्षणं

खालच्यापैकी नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. त्यावर अर्धं निदान होतं.

– चावी ऑन केली, इंजिन चांगलं तापलं, तरी काटा तळाशीच. किंवा जरासा उचलतो आणि तिथेच राहतो.
– चावी ऑन करताच काटा थेट शेवटच्या आकड्यावर.
– हेडलाइट लावले, रेडिएटरचा पंखा फिरला किंवा इंडिकेटर दिला की काटा हलतो.
– काटा नाचतो. ९० वरून ६०, तिथून १०५, परत ८०.
– दहा मिनिटं गाडी चालली तरी ४५, मग मिनिटाभरात ८५.
– काटा स्थिर आहे, पण नेहमीच दहा-पंधरा अंशांनी कमी किंवा जास्त.
– मोकळ्या रस्त्यावर ६०-६५ च्या वर जातच नाही.

आणखी एक लक्षण आहे, ते वेगळं काढायला हवं. घाट चढताना काटा वाढत जातो, १०५-११० च्या पुढे जातो आणि अचानक खाली पडतो. हा मीटरचा दोष समजू नका. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, उडालं की सेन्सरचं टोक कोरडं पडतं. पातळ पदार्थ जितकी उष्णता टोकाला देतो तितकी हवा आणि वाफ देत नाहीत, म्हणून इंजिन भाजत असताना मीटर गारवा दाखवतो. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि बोनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेटला हात लावू नका.

थोडक्यात, मीटर चुकतोय हे सिद्ध होईपर्यंत तो खरं सांगतोय असंच धरून चालायचं.

फुकटच्या तपासण्या

पहिली कूलंटची पातळी. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. फक्त बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नका. झाकणाची रबरी कडा खराब असली की बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं सहज होतं. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाखालची टाकी असते. तिथे टाकीवरच्या खुणा बघा. गरम इंजिनावर झाकण उघडू नका. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, म्हणजे आत तेवढा बार दाब धरला जातो. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, तेच पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

दुसरी तपासणी थंड इंजिनाचीच. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी ऑन, स्टार्टर मारायचा नाही. काटा तळाच्या खुणेवर हवा; डिजिटल मीटर असेल तर त्यावर बाहेरच्या हवेचं तापमान हवं, दोन-तीन अंश इकडेतिकडे. सकाळी २४ अंश असताना मीटर ५५ दाखवत असेल तर दोष विजेचा किंवा मीटर-सेन्सरच्या जोडीचा आहे, कूलिंगचा नाही. रेडिएटर उपसायला निघालेल्या माणसाला इथेच थांबवता येतं.

तिसरी, गाडी बोलते का ते बघणं. १ एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ आणि अर्थात बीएस-६ गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडी-२ चं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर त्यात लावला की गाडीच्या स्वतःच्या सेन्सरचं कूलंट तापमान मोबाइलवर अंशांत दिसतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून गाडी पंधरा मिनिटं चालवा. वरच्या होजमधलं रीडिंग आणि ईसीयूचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरचं, रीडिंग तंतोतंत जुळणार नाही, इंजिन तापल्यावर चार-पाच अंशांचा फरक चालतो. वीसचा फरक चालत नाही. खरं सांगायचं तर ज्यांच्या गाडीत हे सॉकेट आहे त्यांना बाहेरचा मीटर लावायची गरज कितपत आहे, हाही प्रश्न आहे. पण लावलाच असेल तर स्कॅनर हा सगळ्यात स्वस्त साक्षीदार.

स्कॅनर नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, मात्र एक गोम आहे. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो नेहमी कमी दाखवतो, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परत फेकतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि त्या टेपवर नेम धरा. रबरी होजवर मोजू नका. रबराचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा बराच थंड असतो.

अर्थ: बहुतेक भानगड इथेच

एका वायरच्या सेन्सरला एकच वायर येते, कारण दुसरी वायर म्हणजे त्याचं स्वतःचं धातूचं अंग. इंजिन ब्लॉकमध्ये आटे पाडून बसवला तर अंग ब्लॉकला लागतं, ब्लॉक बॅटरीच्या निगेटिव्हला, सर्किट पुरं होतं. तोच सेन्सर होजच्या जोडात बसवला की जोडाच्या दोन्ही बाजूंना रबर. अर्थ गेला.

मग काटा थोडा तरी का हलतो? कूलंटमधून. डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंटही थोडी वीज वाहून नेतं आणि सेन्सरला त्यातून लंगडा अर्थ मिळतो. म्हणून काटा ५०-५५ पर्यंत उचलतो, कूलंट बदललं की वेगळंच दाखवतो, आणि माणूस दोष कूलंटला देतो.

खात्री करायला एक वायर पुरे. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली मीटरभर वायर घ्या. एक क्लिप जोडाच्या उघड्या धातूवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. वायर पंख्याच्या आणि बेल्टच्या वाटेत येणार नाही असं बघा; विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. क्लिप लावताच काटा जागेवर आला तर निदान संपलं, कायमचा अर्थ कसा द्यायचा तेवढंच पुढे वाचा.

मल्टिमीटर असेल तर जास्त नेमकं कळतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल तार जोडाच्या धातूवर, चावी ऑन. ०.०५ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ उत्तम. आकडा व्होल्टांत असेल तर अर्थ नाहीच.

कायमचा अर्थ देताना लोक एक ठरलेली चूक करतात: थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) होजच्या क्लिपखाली दाबतात. क्लिप रबरावर बसलेली असते, धातूला तिचा स्पर्शच नाही. दिसायला वायर झकास लागलेली आणि उपयोग शून्य. दुसरी चूक त्याहून वाईट, जोडाच्या पातळ भिंतीत सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारणं. त्यातून कूलंट झिरपतं, आणि झिरपतं तेही दाबाखाली, म्हणजे गाडी तापल्यावरच दिसतं.

बरोबर पद्धत अशी. चांगल्या जोडाला अर्थसाठी छोटा स्क्रू आधीच असतो. खरेदी करतानाच तो बघून घ्या. नसेल तर जोड गाडीतून काढा. सेन्सर बसतो तो उंचवटा जाड असतो, त्याच्या कडेत ३.३ मिलिमीटरचं आंधळं भोक पाडा, आरपार नाही, आणि एम-४ चे आटे घ्या. तिथे थिंबल लावलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर कसा. मीटरला लागणारा करंट मिलिअँपिअरमध्ये असतो, पातळ वायरही चालली असती, पण बोनेटखालच्या थरथराटात पातळ वायर थिंबलच्या मानेशी तुटते. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टखाली. तिथला रंग, गंज सॅन्डपेपरने घासून धातू पांढरा दिसू द्या, कसल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवा. कोकणात आणि गोव्यात ते ग्रीस वगळलं तर एका पावसाळ्यात थिंबल हिरवी पडते.

आता ब्लॉकला वायर लावूनही काटा नाचत असेल तर ब्लॉकचाच अर्थ बघा. इंजिन आणि बॉडीमध्ये जाड विणीची पट्टी असते. क्लचप्लेट किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर ती परत लावायची राहून जाते. मल्टिमीटरची काळी तार बॅटरी निगेटिव्हवर, लाल ब्लॉकवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी सैल, गंजलेली किंवा गायब.

दिवे लावले की काटा हलतो

हाही अर्थच, पण डॅशखालचा. मीटरच्या मागे साधारण चार टोकं असतात: चावीवरचा करंट, अर्थ, सेन्सर आणि आतल्या दिव्याची वायर. बसवणारा मीटरचा अर्थ डॅशखालच्या जवळच्या कुठल्यातरी काळ्या वायरला जोडतो. त्या वायरवरून आधीच दिव्यांचा, ब्लोअरचा करंट परत जात असतो. पाच अँपिअर करंट आणि खराब सांध्याचा ०.१ ओहम एवढ्यानेच मीटरच्या अर्थचा तळ अर्धा व्होल्ट वर उचलला जातो. सेन्सरचा सगळा खेळ काही व्होल्टांचा, त्यात अर्धा व्होल्ट म्हणजे बरेच अंश. उपाय स्वस्त आहे: मीटरची अर्थ वायर वेगळी न्या आणि सेन्सरचा अर्थ जिथे कसला आहे त्याच बोल्टवर कसा. दोघांचा तळ एक झाला की काटा दिव्यांकडे लक्ष देत नाही.

त्याबरोबर मीटरला येणारा करंटही तपासा. मीटरच्या टोकावर इंजिन बंद असताना १२.४ च्या वर, चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. करंट फ्यूजबॉक्समधून, चावी ऑनलाच येणाऱ्या जागेवरून घ्या आणि मध्ये ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घाला. रेडिओच्या वायरवरून घेतला तर स्टार्टर मारताना मीटर झोपतो. काटेवाल्याला फरक पडत नाही, डिजिटल मीटर मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो.

सेन्सरची वायर: काढून बघा, रेझिस्टर लावून बघा

अर्थ आणि करंट ठीक निघाले तरच इथे या. वाहनांतले बहुतेक सेन्सर तापतील तसा विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स) कमी करणारे असतात. म्हणजे वायर सेन्सरपासून सोडवली की काटा पूर्ण थंडीकडे पडला पाहिजे. वायर मोकळी असूनही काटा वरच राहिला तर ती फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या) भोकात कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. रबरी ग्रोमेट न घालता पत्र्याच्या भोकातून ओढलेली वायर हमखास तिथेच कापते.

मग लोक वायर थेट अर्थला लावून काटा शेवटाला जातो का बघतात. जुन्या साध्या मीटरला हे एक क्षणभर चालतं. डिजिटल किंवा स्टेपर मोटरवाल्या मीटरला करू नका, बरेच मीटर त्यावर एरर दाखवतात आणि काहींच्या माहितीपत्रकात ते थेट मना केलेलं असतं. त्यापेक्षा दोन-पाच रुपयांचा रेझिस्टर बरा. व्हीडीओ (VDO) या कंपनीच्या पद्धतीच्या ४० ते १२० अंशांच्या सेन्सरचा विरोध ४० अंशांना २९० ओहमच्या जवळपास, ९० ला ५० च्या जवळपास आणि १२० ला २२ ओहम असतो. म्हणून सेन्सरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर लावला की काटा ९० च्या थोडा पुढे थांबायला हवा. २२ ओहमला १२० वर. हे दोन्ही आकडे जुळले तर मीटर आणि वायर निर्दोष, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या जागेत. मीटर दुसऱ्या पद्धतीचा असेल तर त्याच्या कागदावरचा तक्ता घ्या, हे आकडे त्याला लावू नका.

जोडी जुळत नसणं

मीटर एका पेटीतला आणि सेन्सर दुसऱ्या, हे दिसायला निरुपद्रवी असतं. आटे जुळतात, टोक जुळतं, काटाही हलतो. पण १२० अंशांच्या मीटरला १५० अंशांवाला सेन्सर लावला की गरम इंजिनावर काटा दहा-पंधरा अंश कमी दाखवतो, उलट जोडी केली तर जास्त. लक्षण ओळखायला सोपं आहे: काटा एकदम स्थिर, नाचत नाही, दिव्यांना भीत नाही, फक्त कायम चुकतो. षट्कोनी अंगावर अंश कोरलेले असतात, तेवढं वाचायचं.

दोन टोकांचा सेन्सर असेल तर आणखी एक सापळा. एका टोकाजवळ ‘जी’ हे रोमन अक्षर कोरलेलं असतं, ते मीटरचं; दुसऱ्याजवळ ‘डब्ल्यूके’, ते धोक्याच्या दिव्याचं. वायर दुसऱ्याला लागली तर काटा मेल्यासारखा पडून राहतो आणि इंजिन फारच तापलं की एकदम शेवटाला उडी मारतो. हा दोष पहिले काही महिने लक्षातही येत नाही.

आणि हे अजिबात करू नका: गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरला टोचून त्यावर बाहेरचा मीटर चालवणं. ईसीयूचा सेन्सर पाच व्होल्टवर चालतो, २० अंशांना त्याचा विरोध दोन-अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या आसपास असतो. त्यावर दुसरा मीटर लटकवला की दोघांचंही रीडिंग बिघडतं; ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा वेगळंच तापलेलं वाटतं, पेट्रोलचं माप चुकतं, पंखा भलत्या वेळी फिरतो. तापमान बघायला गेलो आणि चेक इंजिनचा दिवा घेऊन आलो, अशी गत.

पातेल्यातली परीक्षा

सेन्सरवर अजून संशय असेल तर तो काढून पाण्यात उकळा. गाडीत बसवलेला सेन्सर काढायचा तर कूलंट आधी उतरवावं लागतं, म्हणून ही तपासणी इतक्या उशिरा. जुनं, टाकाऊ पातेलं घ्या. स्वयंपाकघरातलं नको, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असतं, आणि खाली सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात.

सेन्सरचं फक्त टोक पाण्यात बुडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक तार टोकाच्या पट्टीला आणि दुसरी धातूच्या अंगाला लावा. पाणी उकळायला लागलं की तापमान आपोआप ठरलेलं असतं, मात्र ते सगळीकडे १०० नसतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीला १०० धरा. पुण्या-नाशकात उंचीमुळे पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५ ते ९६ मध्येच. वर सांगितलेला व्हीडीओ पद्धतीचा सेन्सर पुण्यात उकळत्या पाण्यात ४० ओहमच्या आसपास यायला हवा. आकडा येतो पण फार सावकाश सरकतो, असं झालं तर टोकावर क्षारांचा पांढरा थर आहे का बघा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणाऱ्यांना हा थर ओळखीचा असेल. टॉप-अपला बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, वापरा. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलेल्या कूलंटमध्ये तेही मिसळू नका, त्यात पाणी आधीच असतं.

पातेलं चुलीवर आहेच तर थर्मोस्टॅटही टाकून बघा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो. त्या तापमानाला तो उघडायला लागतो, आणि पाणी उकळेपर्यंत झडप चांगली सात-आठ मिलिमीटर उचललेली असते.

मीटर खरं बोलतोय, पण पटत नाही

मोकळ्या रस्त्यावर काटा ६०-६५ ला अडकतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत अनेकदा थर्मोस्टॅटच नसतो. ‘आपल्याकडे थंडी कुठे पडते, तो काढला की गाडी गार राहते’ असं सांगून तो कधीतरी काढून फेकलेला असतो, आणि आधीच्या मालकाने ते सांगितलेलं नसतं. इंजिन थंड चालणं ही चांगली गोष्ट नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून पुरेसं गरमच झालेलं नाही, तो जास्त पेट्रोल ओतत राहतो, ॲव्हरेज पडतो, आणि तेलातलं पाणी उडून जात नाही. मीटरने इथे खरी बातमी दिली आहे. थर्मोस्टॅट परत बसवा.

दहा मिनिटं ४५ आणि मग झपकन ८५, हाही दोष नाही. थर्मोस्टॅट इंजिनाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी असेल तर तो उघडेपर्यंत वरच्या होजमध्ये प्रवाहच नसतो. सेन्सर त्या थांबलेल्या पाण्यात बसून वाट बघतो. यात एक धोका मात्र आहे: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापेल आणि होजमधला मीटर ४५ दाखवत राहील. लवकर इशारा हवा असेल तर सेन्सर थर्मोस्टॅटच्या आधी, इंजिनाच्या बाजूला हवा. खालच्या होजमध्ये बसवला असेल तर तो रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी मोजतो, वीस अंश कमी दाखवणं त्याला साजेसंच आहे.

जोडाचं तोंड कुठे वळवलंय तेही बघा. सेन्सर बरोबर वर असेल तर हवेचा बुडबुडा नेमका तिथेच अडकतो, आडवा ठेवा. कमी-जास्त मापाचे आटे जुळवायला मध्ये पितळी बुश घातला असेल तर सेन्सरचं टोक प्रवाहात न पोचता कोनाड्यात राहतं आणि काटा नेहमी मागे रेंगाळतो.

हवा काढणं

काटा नाचत असेल आणि अर्थ पक्का असेल तर उरते हवा. होज कापताना लिटर-दीड लिटर कूलंट जातं, परत भरताना आत हवा कोंडते. गाडी नाक वर येईल अशी चढावर उभी करा, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन थंडावस्थेतूनच सुरू करून आयडलवर. हाउसिंगवर हवेचा स्क्रू असेल तर तो अर्धा फेरा सैल करून सलग कूलंट येऊ लागताच बंद करा. वरचा होज अधूनमधून हाताने दाबा. गुडगुड आवाज येऊन पातळी खाली गेली की भरा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, ती भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा, पाव लिटर तरी जातंच. त्याच वेळी होजच्या क्लिपा थंड असताना पुन्हा कसा, पहिल्या तापण्यानंतर रबर थोडं बसलेलं असतं.

आटे आणि गळती

१/८ एनपीटी, १/८ बीएसपी आणि एम-१० × १ ही आट्यांची तीन मापं भावंडांसारखी दिसतात. एनपीटीला इंचात २७ आटे आणि अंग निमुळतं, बीएसपीला २८, एम-१० ला एक मिलिमीटरचं अंतर. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या भोकात एक-दोन फेरे गोडीने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लांब करून जोर लावला की ॲल्युमिनियमचा जोड तडकतो. हाताने तीन फेरे जात नसतील तर माप चुकलंय. बरोबर मापाचा सेन्सर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक ते दीड फेरा, बस. टेफ्लॉन टेप दोनच वेढे, टोकाकडचा पहिला आटा मोकळा सोडून. सहा-सात वेढे दिले की सेन्सरचं अंग आट्यांपासून सुटं पडतं आणि मघाचीच अर्थची कथा पुन्हा सुरू होते. बसवल्यावर सेन्सरच्या षट्कोनापासून जोडापर्यंत ओहम मोजा. अर्ध्या ओहमच्या वर काही नको.

काटेवाला यांत्रिक मीटर, ट्रॅक्टरला असतो तसा पितळी नळीचा, असेल तर यातलं विजेचं काहीच लागू नाही. त्याची नळी मुडपली किंवा चिरली की आतला द्रव जातो आणि काटा तळाशी पडतो. ती नळी कापून जोडता येत नाही. नवीन संच घ्या आणि उरलेली नळी मोठ्या वेटोळ्यात, सायलेन्सरपासून लांब बांधा.

इथे थांबा

स्कॅनरनेही ११० च्या वर दाखवलं, तर तपासणी संपली, तो मीटरचा विषय राहिला नाही. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. वाकलेलं हेड (इंजिनाचा वरचा भाग) फेस करण्याचा, म्हणजे घासून सपाट करण्याचा खर्च टोच्या कित्येक पट असतो.

बाहेर कुठे थेंब नसताना कूलंट दर आठवड्याला कमी होत असेल, थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत होज दगडासारखा टणक होत असेल, उघड्या रेडिएटरमध्ये न थांबता बुडबुडे येत असतील, तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसत असेल, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) संशय आहे. हे मेकॅनिकचं काम, तेही हेड उघडून फेस तपासण्याची सोय असलेल्याचं.

सेन्सर हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये तुटून अडकला तर ड्रिल हातात घेऊ नका, बुरा आत गेला की पाण्याच्या पंपापर्यंत जातो. हेडला नवीन भोक पाडून आटे घ्यायचे असतील तर ते लेथवाल्याकडे.

डॅशखाली वायर ओढताना पिवळ्या रंगाच्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना टेस्टर लावू नका, त्यांच्या कनेक्टरला हात लावू नका. वायर दुसऱ्या वाटेने न्या किंवा बॅटरी सोडवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. हायब्रिड गाडीतल्या केशरी केबल त्याहून वरच्या, तिथे फक्त अधिकृत वर्कशॉप. आणि गाडी वॉरंटीत असेल तर होज किंवा मूळ वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. ओबीडीचा स्कॅनर लावायला काहीच कापावं लागत नाही.